हुकमाची मुदत

आमचे थोरले बंधू नाना यांनी प्राणिशास्त्राच्या अध्यापनात उभे आयुष्य वेचले, आणि मी दस्तनोंदणीच्या कचेरीत नकलनवीस म्हणून शिरून अखेर त्याच कचेरीच्या दप्तराची जोखीम सांभाळीत निवृत्त झालो. त्यामुळे आम्हां दोघांच्या बोलण्यात एरवी शास्त्राचा विषय फारसा निघत नाही. परंतु गेल्या वैशाखात नानांची मुलगी, जी किण्वपेशींवर संशोधन करते, चार दिवसांसाठी घरी आली, आणि येताना प्रयोगशाळेतील पोषक द्रवात वाढणाऱ्या किण्वाची एक लहानशी कुपी घेऊन आली. नानांनी माळ्यावरचा पितळी सूक्ष्मदर्शक उतरवून घेतला, त्याची भिंगे मऊ फडक्याने पुसली, आणि त्या दुपारी बापलेकींत जो वाद रंगला त्याचे टिपण त्याच रात्री करून ठेवल्यावाचून मला राहवले नाही.

पुतणीने काचपट्टीवर अगारचा पातळ थर दिला, त्यावर कुपीतला एक थेंब सोडला, वर झाकणकाच ठेवली आणि आतला ओलावा उडून जाऊ नये म्हणून तिच्या चारी कडांना व्हॅसलीनची रेघ ओढली. मग बराच वेळ शोधून तिने इतरांपासून दूर, एकटी अशी एक पेशी भिंगाच्या मध्यावर आणली. "काका, हिला अजून कळी फुटलेली नाही," ती म्हणाली. "खाण्यापिण्याची आबाळ नसली तर साधारण दीड तासात हिच्या दोन होतात. तोवर आपण बोलत बसू."

आम्ही आळीपाळीने डोळा लावला. मिलिमीटरच्या पाच सहस्रांशांएवढ्या त्या पेशीची कडा मोत्यासारखी उजळ दिसत होती आणि तिच्या पोटात एक फिकट वर्तुळ होते. गोव्यातले पदेर ज्या ताडीने पाव फुगवीत आले त्या ताडीतही याच जातीचे किण्व नांदते, हे ऐकल्यावर त्या मुक्या बिंदूविषयी मला एक प्रकारची आपुलकी वाटू लागली, आणि मी सहज विचारले, "पण आता फुटायची वेळ झाली, हे हिला सांगतो कोण?"

"तिथेच तर आमचे दोघांचे पटत नाही," नाना म्हणाले.

पुतणीने माझ्याच कचेरीच्या भाषेत सुरुवात केली. "तुमच्याकडे मूळ दस्त कधी बाहेर जात नसे, नक्कल जात असे, हो ना? इथेही तसेच आहे. सोळा गुणसूत्रांच्या रूपाने हिचे सारे दप्तर केंद्रकात आहे, आणि त्यात सुमारे ६,००० जनुके आहेत. जे प्रथिन हवे असेल त्याच्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल निघते, तिलाच आम्ही प्रतिलेखन म्हणतो, आणि ती नक्कल केंद्रकाबाहेर पोचली की तिच्याबरहुकूम प्रथिन घडते. १९९८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असंख्य किण्वपेशी एकाच टप्प्यावर थोपवून धरल्या, मग सगळ्यांना एकदम मोकळे सोडले, आणि ठरावीक मिनिटांनी नमुने काढून एकेका जनुकाच्या नकला किती निघाल्या हे मोजले. सुमारे ८०० जनुके अशी निघाली की, ज्यांच्या नकला विभाजनाच्या फेऱ्यात आपापल्या प्रहरी चढतात आणि प्रहर टळला की ओसरतात. डीएनएची दुसरी प्रत तयार करणारी प्रथिने त्या कामाच्या तोंडावर, तो डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळायचा ती हिस्टोने ऐन कामाच्या वेळी, आणि विभाजनाची सामग्री त्याच्यानंतर. ज्याची गरज जेव्हा, त्याला बोलावणे तेव्हा. हे बोलावण्याचे वेळापत्रक हेच पेशीचे घड्याळ, असे माझे मत आहे."

"आणि माझे मत असे की," नाना शांतपणे म्हणाले, "घड्याळाच्या ठोक्यांबरोबर घरात जी कामे चालतात, त्या कामांनाच तू घड्याळ म्हणते आहेस."

नानांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना बेडूक शिकवला, आणि बेडकाच्या अंड्याविषयी बोलताना त्यांच्या आवाजात जी कळकळ येते ती मी इतर कोणत्याही विषयात पाहिलेली नाही. ते सांगू लागले की, आफ्रिकेतील झेनोपस नावाच्या बेडकाचे अंडे फलित झाले म्हणजे पहिल्या विभाजनाला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि त्यानंतर मात्र साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा बारा विभाजनांच्या पायऱ्या तो गर्भ एका तालात उतरत जातो. आणि चार हजारांच्या घरात पेशी होईपर्यंतच्या या साऱ्या अवधीत त्याच्या केंद्रकांतून प्रतिलेखन जवळजवळ होतच नाही. न्यूपोर्ट आणि कर्शनर यांनी १९८२ साली हे सिद्ध केले. "दप्तर बंद, कारकून रजेवर, आणि तरी कारभार बिनचूक चालला आहे! त्याच्याही दोन वर्षे आधीची गोष्ट सांगतो. अंड्याचा केंद्रकच नसलेला तुकडा वेगळा काढून ठेवला, तर त्याच्या पृष्ठभागावर आकुंचनाची लाट विभाजनाच्याच वेळापत्रकाने उठत राहते असे दिसले. ज्या तुकड्यात दप्तरच नाही त्याने नक्कल कशाची करावी, आणि हुकूम कुठून आणावा?"

"मग ती लाट उठवतो कोण?" मी विचारले.

"सायक्लिन," नाना म्हणाले, आणि त्यांनी टिम हंट यांची हकीकत सांगितली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत १९८२ च्या उन्हाळ्यात हंट यांनी सागरी अर्चिनची फलित अंडी किरणोत्सारी अमिनो आम्लात ठेवली आणि नव्याने घडणाऱ्या प्रथिनांच्या रेघा जेलवर क्रमाने मांडून पाहिल्या. बाकीच्या रेघा वेळेबरोबर गडद होत गेल्या. एक मात्र गडद होई, विभाजनाच्या वेळी अकस्मात पुसली जाई, आणि पुन्हा गडद होऊ लागे. जे प्रथिन पेशी एवढ्या खर्चाने घडवते तेच तिने घटकाभरात मोडून टाकावे, ही गोष्ट तोवर कोणाच्या कल्पनेत नव्हती. हे सायक्लिन एका विकराला जोडले गेले म्हणजे तो विकर जागा होतो, इतर प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के मारीत सुटतो, आणि विभाजन घडते. सायक्लिन मोडले की तो निजतो. या विकराचे जनुक लेलँड हार्टवेल यांना किण्वात आणि पॉल नर्स यांना दुसऱ्या जातीच्या किण्वात आधीच सापडले होते, आणि या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. "पुढे १९८९ मध्ये मरे आणि कर्शनर यांनी अंड्याच्या अर्कातील साऱ्या आरएनए नकला नष्ट केल्या आणि फक्त सायक्लिनची नक्कल परत घातली," नाना म्हणाले, "तर तेवढ्या एका नकलेवर तो अर्क फेऱ्यामागून फेरे घेऊ लागला. एका नकलेवर! तुझ्या ८०० जनुकांचे वेळापत्रक तिथे कुठे होते?"

पुतणी गडबडली नाही. "ती एक नक्कल तरी लागलीच ना? नाना, बेडकाचे अंडे म्हणजे आईने शिदोरी बांधून पाठवलेले लेकरू. नकला केल्याच नाहीत असे नाही. त्या आईच्या अंडाशयात आधीच करून भरून ठेवल्या होत्या. ती शिदोरी घेऊन निघालेला गर्भ बारा पावले न थांबता चालतो, तेराव्याला त्याची गती मंदावते आणि तेव्हा त्याला स्वतःचे दप्तर उघडावेच लागते. ही इथली पेशी," तिने सूक्ष्मदर्शकाकडे बोट केले, "रोज स्वतःचे मिळवून खाणारी आहे. तिला पाहावे लागते की साखर आहे का, आपण पुरेशा मोठ्या झालो आहोत का, आणि मगच फेऱ्यात पाऊल टाकायचे. शिदोरीवाल्याचा न्याय तिला कसा लावता?"

हे उत्तर मला पटले, आणि नानांनाही ते अगदीच लागू पडले नाही असे नव्हते, कारण ते काही वेळ भिंगाशीच डोळा लावून बसले. मग एकाएकी त्यांनी मला हाताने खूण केली. पेशीच्या एका टोकाला, घासलेल्या भांड्यावर पाण्याचा थेंब उभा राहावा तशी, एक बारीकशी फुगोटी उठली होती.

"हा तुमच्या प्रश्नाचा जबाब," पुतणी मला म्हणाली. "ही कळी दिसली याचा अर्थ नकलांची पहिली लाट आत उसळून गेली आहे." मग तिने जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला त्यात सर्वांत अधिक गोडी वाटली. एसबीएफ नावाची एक प्रथिनजोडी फेऱ्याच्या आरंभीची जनुके उघडू शकते, आणि ती त्या जनुकांच्या दारात आधीपासून येऊन बसलेलीही असते. परंतु व्हाय-५ नावाचे तिसरे प्रथिन तिच्या मानगुटीवर बसून तिचा हात धरून ठेवते. पेशी वाढत जाते तसा सायक्लिनबद्ध विकराचा जोर वाढतो, तो व्हाय-५ वर शिक्के मारतो, आणि पुरेसे शिक्के बसले की व्हाय-५ केंद्रकातून हद्दपार होते. हात सुटताच एसबीएफ जी जनुके उघडते त्यांत आणखी दोन सायक्लिनांची जनुके असतात. ती घडली की विकराचा जोर दुणावतो, उरलेसुरले व्हाय-५ ही बाहेर फेकले जाते, आणि त्यामुळे आणखी नकला निघतात. २००८ साली स्कॉथाइम, क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की, पेशीचा निर्णय डळमळीत न राहता एका झटक्यात पक्का होतो तो या स्वतःलाच पुष्टी देणाऱ्या आवर्तनामुळे. ते तोडले तर जनुके रेंगाळत, एकमेकांना सोडून, वेगवेगळ्या वेळी जागी होतात.

"म्हणजे हात धरणारा हटवला तो शिक्क्याने," नाना म्हणाले.

"आणि शिक्का मारणारा वाढला तो नकलेने," पुतणी म्हणाली.

येथे तिच्या बोलण्याला भर आला. ती म्हणाली की, आरंभीच्या लाटेत उघडणाऱ्या जनुकांत पुढच्या लाटेचे कारभारी घडवणारी जनुके असतात, त्या लाटेत त्यापुढचे, आणि विभाजनाच्या शेवटी घडणारे कारभारी पुन्हा पहिल्या लाटेची तयारी करतात. अशी ही नियामकांची साखळी वर्तुळ पुरे करून स्वतःच्याच शेपटीला येऊन मिळते, हे २००१ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये अशा किण्वपेशी घेतल्या की, ज्यांतून डीएनएच्या प्रतीकरणाची आणि विभाजनाची सारी सायक्लिने काढून टाकली होती. त्या पेशी विभागू शकत नव्हत्या, डीएनएची प्रत करू शकत नव्हत्या. तरीही फेऱ्याबरोबर चढउतार करणाऱ्या जनुकांपैकी जवळजवळ ७० टक्के जनुकांच्या नकला तशाच चढतउतरत राहिल्या. "नाना, तुमचे घड्याळ थांबवले होते, आणि माझे वेळापत्रक चालू होते."

मी नानांकडे पाहिले. ते रागावले नव्हते. विद्यार्थ्याने चांगला मुद्दा काढला म्हणजे शिक्षकाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते तिथे होते. परंतु त्यांनी सोडले नाही. "२०१६ सालचे रॉकफेलर विद्यापीठातले काम तू मला वाचायला पाठवले होतेस," ते म्हणाले. "तेच सांग ना काकांना."

आणि पुतणीने ते प्रामाणिकपणे सांगितले, ही गोष्ट मला तिच्या साऱ्या युक्तिवादापेक्षा मोलाची वाटते. राही, क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने, एकेका जिवंत पेशीत प्रकाशमान प्रथिनांच्या खुणा लावून आणि साऱ्या नकलांची मोजदाद करून, पुन्हा तपासला, तेव्हा सायक्लिन घडवणारी आणि मोडणारी यंत्रणा रोखून धरली असता जवळजवळ सर्वच जनुकांचे चढउतार तिच्या हुकमतीखाली असल्याचे निघाले; आपल्या तालाने उसळत राहिली अशी अपवादभूत जनुके त्यांना तीनच आढळली. "म्हणून," ती सावकाश म्हणाली, "घड्याळ नकलांचेच आहे असे आज मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण नकलांविना ते चालते असे तुम्हीही म्हणू नका."

यावर मी पहिल्यांदाच मध्ये पडलो, आणि मला शास्त्र येत नसूनही जे बोललो ते माझ्या अनुभवातले होते. आमच्या कचेरीत हुकूम लिहिण्याला कधी वेळ लागला नाही. खोळंबा व्हायचा तो, मुदत संपलेला हुकूम फाईलवरून कोणी उतरवला नाही म्हणून. दोन परस्परविरुद्ध हुकूम एकाच वेळी अंमलात राहिले म्हणजे अव्वल कारकुनापासून शिपायापर्यंत सगळ्यांचे हात बांधले जात. मी म्हणालो, "नक्कल आधी की शिक्का आधी, हे तुम्ही दोघे ठरवीत बसा, मला विचाराल तर जुना हुकूम रद्द कोण करतो हे आधी सांगा."

दोघेही एकदम माझ्याकडे वळले. "काका, त्याचाच सारा खेळ आहे," पुतणी म्हणाली. आरंभीच्या सायक्लिनची आरएनए नक्कल अवघी काही मिनिटे टिकते, आणि तिच्यावरून घडलेले प्रथिनही काही मिनिटांतच मोडीत निघते. पुढे विभाजनाची सायक्लिने चढली म्हणजे ती आपल्या लाटेला जोर देतात आणि त्याच वेळी एसबीएफचे दुकान बंद करतात, म्हणून कळी फुटल्यावर दुसरी कळी फुटण्याचा हुकूम निघत नाही. नंतर गुणसूत्रे दोन टोकांना ओढली जाण्याच्या सुमारास एक मोठे प्रथिनसंकुल त्या सायक्लिनांवर युबिक्विटिनची खूण चिकटवते, आणि खूण लागलेले प्रथिन पेशीच्या मोडखान्यात जाते. या युबिक्विटिनच्या कार्याबद्दल चिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आणि गंमत अशी की, ज्या कारभाऱ्यांना या सायक्लिनच्या शिक्क्यांनी केंद्रकाच्या उंबरठ्याबाहेर रोखून धरलेले असते, ते शिक्के उतरताच आत शिरतात आणि पुढच्या फेऱ्याच्या तयारीची जनुके उघडतात. मोडतोड हीच इथे पुढची परवानगी असते. हे ऐकल्यावर माझे मत ठरले, आणि ते मी येथे नोंदवून ठेवतो: पेशी काळ राखते ती हुकूम काढून नव्हे, काढलेल्या हुकमांना वेळेवर संपवून, आणि या बाबतीत नकलांचे क्षणभंगुरत्व व सायक्लिनचे मरण ही एकाच धोरणाची दोन कलमे आहेत.

नाना मग माणसाच्या पेशींकडे वळले. आमच्या पेशीत व्हाय-५ च्या जागी आरबी नावाचे प्रथिन असते आणि एसबीएफच्या जागी ई२एफ. दोन्हींची घडण किण्वातल्या नातलगांशी जुळत नाही, तरी हात धरण्याची आणि शिक्क्याने तो सोडवण्याची रीत मात्र तंतोतंत तीच. या आरबीचे जनुक १९८६ साली हाती आले ते लहान मुलांच्या डोळ्यांतील पडद्याच्या कर्करोगामुळे. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की हात धरणारा कोणी उरत नाही, आणि ज्या पेशीने थांबायचे ती हुकूम न मागता विभागू लागते. छायाचित्रात बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, आणि आईला वाटते की प्रकाशाचा दोष असेल. नाना एवढे सांगून थांबले. मग म्हणाले की, आरबीवर शिक्के मारणाऱ्या विकराला आवरणारे पाल्बोसिक्लिब हे औषध स्तनाच्या कर्करोगावर २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले. सागरी अर्चिनच्या अंड्यातील एक पुसली जाणारी रेघ आणि रुग्णाच्या हातावर पडणारी गोळी यांत तेहेतीस वर्षांचे अंतर होते.

मी विचारले की, ऐन विभाजनाच्या वेळी दप्तराचे काय होते. "प्राण्यांच्या पेशीत ते बांधले जाते," नाना म्हणाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत गुंडाळून ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि रुमालाची गाठ बसली म्हणजे आतला कागद वाचता येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. गुणसूत्रे आटोपशीर आखडली जातात, नकलनवीस विकर त्यांच्यावरून उठून जातात, आणि प्रतिलेखन जवळजवळ बंद पडते, हे प्रेस्कॉट आणि बेंडर यांनी १९६२ सालीच दाखवले होते. काही प्रथिने मात्र बांधलेल्या दप्तरालाही चिकटून राहतात, आणि नव्या पेशीत गाठ सुटल्यावर कोणते पान आधी उघडायचे याची खूण म्हणून ती उपयोगी पडतात असे मानतात. "अलीकडे तर त्या शांततेतही क्षीण प्रतिलेखन चालू असल्याचे दिसले आहे," पुतणीने जोडले, "आणि किण्वात दप्तर इतके घट्ट बांधले जातच नाही, तिथे केंद्रकाची भिंतही शाबूत राहते आणि नकला विभाजनातही निघत राहतात. बेडकावरून किण्वाला आणि किण्वावरून माणसाला तोलताना हे ध्यानात ठेवावे लागते, नाना."

"ठेवतो," नाना म्हणाले.

बोलता बोलता उन्हे कलली होती. भिंगाखाली आता दोन पेशी एकमेकींना टेकून होत्या, एक मोठी आणि एक तिच्याहून बरीच लहान, आणि दोहोंमध्ये कायटिनची एक बारीक भिंत असते ती आमच्या भिंगातून दिसत नव्हती. पुतणी म्हणाली की, ती भिंत विरघळवणाऱ्या विकराचे जनुक एस-२ नावाचे प्रथिन उघडते, आणि हे एस-२ फेऱ्याच्या शेवटी मुलीच्याच केंद्रकात साठते, आईच्या नाही. म्हणजे नाळ कापण्याचा हुकूम मुलीच्या घरून निघतो. तेच प्रथिन मुलीची पुढची कळी लांबणीवर टाकण्यातही भाग घेते, जेणेकरून अंगाने भरेपर्यंत तिने थांबावे.

नानांनी काचपट्टी काढू दिली नाही. चहा तिथेच आणवला, आणि अंधार पडू लागला तेव्हा आरशासमोर दिवा लावला. अर्ध्या तासाने त्यांनी आम्हां दोघांना पुन्हा बोलावले. मोठ्या पेशीच्या कडेला नवी फुगोटी आली होती. धाकटी तिच्या बाजूला तशीच गोल होती, आणि पुतणीने व्हॅसलीनची रेघ आणखी एकदा नीट केली.